खिशातला ओळंबा

माझ्या स्वयंपाकघराची भिंत नऊ मिलिमीटर कललेली आहे, हे मला वास्तुशांतीच्या दिवशी ऐन पंगतीत कळलं. सांगणारे होते आमच्या शाळेतले गणिताचे सर. विट्यात फ्लॅट घेतला म्हणून सगळ्या स्टाफला जेवायला बोलावलं होतं. बाकीच्यांनी घड्याळ, लेमन सेट असं काही ना काही आणलं. सर रिकाम्या हातानं आले, चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरले आणि शर्टाच्या खिशातून दोरीला बांधलेलं एक पितळी वजन काढून त्यांनी ते भिंतीलगत सोडलं. एक डोळा मिटून बघितलं. सासूबाई जिलेबीचं ताट घेऊन उभ्याच.

"आवं बाई, भिंत नऊ मिलिमीटर बाहीर हाय. बिल्डरला बोलवा."

सासूबाईंचं तोंड उतरलं. ह्यांनी रात्री स्पष्ट सांगितलं की हा माणूस परत घरात नको. तो परत आलाही नाही. पण त्या भिंतीला लावलेलं कपाट आजही हलतं. त्याच्या पायाखाली मी पुठ्ठ्याची घडी घातली आहे, आणि ती सरकली की मला बिल्डरचा राग येत नाही, सरांचा येतो. त्यांच्याबद्दल गोडगोड लिहायला मी बसलेली नाही. ते मला कधीच आवडले नाहीत. पण गेली दोन वर्षं मी ज्यांच्यावर चिडून आहे त्या माणसांची यादी केली, तर तिच्यात सरांचा नंबर फार खाली लागतो, आणि माझा स्वतःचा बराच वर.

त्या वजनाला ओळंबा म्हणतात. भिंत सरळ उभी आहे का हे बघायला गवंडी तो वापरतात. सर मूळचे जतकडचे, मेंढपाळांच्या घरातले. बाप मेंढरं घेऊन सहा-सहा महिने घाटाखाली असायचा. सांगलीला कॉलेज करताना सर कुपवाडला कारखान्यांच्या शेडवर गवंड्याच्या हाताखाली कामाला जायचे. तिथला तो ओळंबा. पुढे ते बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, पण ओळंबा काही खिशातून गेला नाही. पोरं त्यांना पाठीमागे 'ओळंबे सर' म्हणायची. त्यांच्या तोंडावर काही बोलायची कुणाची छाती नव्हती.

आमची शाळा कडेगाव तालुक्यात, गावाबाहेर, तिन्ही बाजूंनी ऊस. एका मोठ्या संस्थेची शाखा. मी तिथं मराठी शिकवते. माझं माहेर साताऱ्याचं, त्यामुळं 'बाईंचं बोलणं लय शुद्ध' असा माझा लौकिक. सर मात्र वर्गात, मीटिंगमध्ये, तपासणीला आलेल्या साहेबासमोरसुद्धा गावाकडचंच बोलायचे. एकदा एका अधिकाऱ्यानं हसून विचारलं, "गुरुजी, वर्गात प्रमाणभाषा वापरत नाही का?" सर म्हणाले, "वापरतो की. पण पोरांना समजायला पायजे आसंल तवा न्हाई वापरत." 'शिक्षक प्रमाणभाषा वापरत नाहीत' हा शेरा आमच्या शाळेच्या तपासणी अहवालात कायमचा चिकटला.

'समजलं का?' हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. ते म्हणायचे, "करून दाव." वर्तुळाचा परीघ शिकवायचा तर पोरं गावातल्या विहिरीच्या कठड्याभोवती दोरी घेऊन फिरायची. घनफळ आलं की पाण्याची टाकी. पायथागोरसचं प्रमेय त्यांनी मैदानावर शिकवलं, बारा गाठींच्या दोरीनं. तीन गाठी इकडं, चार तिकडं, पाच तिरक्या, आणि झाला काटकोन. "पुस्तकातली भिंत कवाच पडत न्हाई," ते म्हणायचे, "म्हणून तर ती शिकवायला सोपी." ह्या नादात दरवर्षी त्यांचे दोन-तीन धडे शिकवायचे राहायचे. पालक तक्रार करायचे, आणि माझ्या मते बरोबर करायचे. शिवाय त्यांचा तास कधी वेळेत संपायचा नाही. चिखलानं भरलेली पोरं माझ्या कवितेच्या तासाला यायची आणि बाकांवर माती पडायची. मी त्यावरून त्यांच्याशी किती वेळा भांडले ह्याला गणती नाही.

एका भांडणात ते मला म्हणाले, "तुमी 'मी नदी बोलते' असा निबंध लिवून घेता. कवा पोरांना नदीवर नेलंय का? येरळा कितीशी लांब हाय?"

मी इतकी चिडले की पुढच्याच शनिवारी वर्ग घेऊन येरळेवर गेले, केवळ ह्या माणसाचं तोंड बंद करायला. नदीत पाणी नव्हतं. वाळू भरणारे ट्रॅक्टर होते. पोरांनी निबंध लिहिले. त्यातल्या साक्षी नावाच्या मुलीचं पहिलं वाक्य होतं, 'बाई, नदी काही बोलली नाही, ट्रॅक्टरच बोलत होते.' सोळा वर्षांच्या नोकरीत मी वाचलेलं ते सगळ्यात चांगलं वाक्य. पण मी ते सरांना दाखवलं नाही. त्यांना खूश कशाला करायचं?

ही साक्षी तेव्हा नववीत होती. मी तिची वर्गशिक्षिका. तिचे वडील कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर. सरांनी त्यांच्याकडून भंगारातले जाड नट पिशवीभर मागवले होते आणि वर्गातल्या प्रत्येकाला नट अन् दोरीचा स्वतःचा ओळंबा करायला लावला होता. मग काय, पोरं देवळात ओळंबा सोडायची, ग्रामपंचायतीत सोडायची, आपापल्या घरी सोडायची. निम्म्या गावाच्या भिंती बाहेर निघाल्या. सरपंचांच्या बंगल्याची तर फारच. शत्रू असे जमत गेले.

आता मुख्य गोष्ट. नववीला सांख्यिकी होती. सरांनी माझ्याकडून हजेरीपट मागून नेला आणि पोरांना सहा महिन्यांच्या हजेरीचा आलेख काढायला सांगितला, मुलांची एक रेघ आणि मुलींची एक. मी माझ्या तासासाठी दारात येऊन उभी होते. दहा मिनिटं वर झाली होती आणि मी नेहमीप्रमाणं धुमसत होते. फळ्यावर मुलांची रेघ सरळ चालली होती. मुलींची डिसेंबरपर्यंत तिच्यासोबत होती आणि जानेवारीत धाडकन खाली आली होती.

"का?" सरांनी विचारलं. "आरं, रेघ खाली आली म्हंजी कायतरी झालं आसंल की! का आली?" तिसऱ्यांदा विचारताना ते ओरडलेच.

साक्षी उभी राहिली. "सर, शाळंमागचा ऊस तुटला."

"मंग?"

"आडोसा गेला, सर."

सरांना काही क्षण कळलं नाही. मग कळलं. त्यांनी खडू खाली ठेवला आणि दारात उभ्या माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली, कारण मला हे माहीत होतं. मी बाई आहे. शाळेत मुलींचं स्वच्छतागृह म्हणून जी खोली होती तिला छप्पर नव्हतं, दाराला कडी नव्हती. आम्ही शिक्षिका मुख्याध्यापकांच्या ऑफिसमागचं वापरायचो, त्याची किल्ली आमच्याकडं असायची. मुली उसात जायच्या, नाहीतर दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी तरीही 'मी नदी बोलते' शिकवत होते.

"बस," सर साक्षीला म्हणाले. "उत्तर बरोबर हाय."

दुसऱ्या दिवशी गणिताचं पुस्तक बंद झालं. सरांनी जुन्या खोलीशेजारची जागा साफ करून घेतली. एका पालकाची वीटभट्टी होती, त्यानं तुकडा पडलेल्या विटा दिल्या. सिमेंट सरांनी आणलं. बारा गाठींच्या दोरीनं कोपरा काढला, पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घेतली, सिमेंटला वाळू किती हे प्रमाण म्हणून शिकवलं, खड्डा घनफळ म्हणून. अवजड उचलायला ते स्वतः आणि तो भट्टीवाला. विटा रचायच्या मुलामुलींनी, आळीपाळीनं, गणिताच्या तासाला आणि शनिवारी. शिकवण्याचे फोटो रोज शाळेच्या ग्रुपवर टाकायचे असा आम्हाला आदेश होता. सरांनी एकही टाकला नाही. "फोटू काढायला हात रिकामा लागतो," ते म्हणाले, "आन हात रिकामा हाय तर काम कोण करतंय?"

एका शनिवारी साक्षीनं तीन थर रचले. सरांनी ओळंबा सोडला. आठ मिलिमीटर.

"पाड."

"सर, गिलाव्यात झाकंल की."

"पाड म्हनतोय न्हवं."

ती रडली. मी मध्ये पडले. पोरगी दुपारपासून उन्हात उभी आहे, हातांना फोड आलेत, आठ मिलिमीटरनं कुणाचं काय बिघडतंय? सर माझ्याकडं न बघता म्हणाले, "आज आठ हाय. वर जाईल तसं वाढत जाईल. आन पडंल तवा आत कोण आसंल?" साक्षीनं रडत रडत तीन थर उतरवले, विटा खरवडून साफ केल्या आणि परत रचले. मी त्या दिवशी सरांशी बोलले नाही. दगडाच्या काळजाचा माणूस, असं मी घरी येऊन म्हटलं, आणि ते मी आजही मागं घेत नाही.

भिंती पाच फुटांवर आल्या आणि नेमका तेव्हाच वरून आदेश आला की 'अनुभवातून शिक्षण' बघायला अधिकारी येणार. लगेच तयारी सुरू. मुलांचा भाजीबाजार भरवायचा. म्हणजे भाजी आईनं आणायची, भजी मावशीनं तळायची, आणि फेटा बांधलेलं पोर तिच्यापुढं उभं करून फोटो घ्यायचा. थर्माकोलची पवनचक्की, थर्माकोलचं धरण. पाहणीला संस्थेचे चेअरमन आले. त्यांनी त्या भिंती बघितल्या आणि मुख्याध्यापकांना विचारलं, "हे काय?"

स्टाफची मीटिंग बसली. मुख्याध्यापकांनी सुरुवात केली. "अहो, विनापरवाना बांधकाम! मुलांच्या हातात थापी! उद्या पेपरात आलं तर? आणि मुळात गरज काय? मुलींचं स्वच्छतागृह आहे!"

"कुठं हाय?" सर म्हणाले. "दावा."

"ऑनलाइन आहे."

हे वाक्य मी बनवलेलं नाही. ते असंच म्हणाले. दरवर्षी शाळेची माहिती ऑनलाइन भरायची असते आणि त्यात लिहिलं होतं, मुलींसाठी स्वच्छतागृह: आहे. वापरात: होय. अख्खी मीटिंग माझ्याकडं बघायला लागली, कारण मला कॉम्प्युटर येतो म्हणून सहा वर्षं तो फॉर्म मी भरत होते. मागच्या वर्षीचा उघडायचा, तेच पुढं टाकायचं, संपलं.

सरांनी मला काही म्हटलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग एक निवेदन फिरलं. 'सदर शिक्षक विद्यार्थ्यांकडून अंगमेहनतीची कामे करून घेतात, अभ्यासक्रम पूर्ण करत नाहीत.' खाली सगळ्यांच्या सह्या. अभ्यासक्रमाचं खरंच होतं, असं मी मनाशी म्हटलं. माझा नंबर तिसरा. माझं पेन उमटेना. शेजारी ओळंबे सरच बसले होते, त्यांनी आपलं पेन पुढं केलं. मी त्या पेननं सही केली. ह्यापेक्षा लाजिरवाणं मी आयुष्यात काही केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. मधल्या सुट्टीत, सगळ्या पोरांसमोर. पहिल्या धक्क्याला भिंत पडली नाही. दुसऱ्यालाही नाही. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "सायेब, लय पक्की हाय. कुनी बांधलीया?"

मुख्याध्यापक चेअरमनांनी पाठवलेल्या माणसाकडं बघायला लागले. व्हरांड्यातून साक्षीचा आवाज आला, "आमी."

तिसऱ्या धक्क्याला पडली. मुख्याध्यापकांनी पोरांचे सगळे ओळंबे 'घातक वस्तू' म्हणून एका पोत्यात गोळा केले. त्या जागेवर मुरूम टाकून, सडा घालून रांगोळी काढली आणि भाजीबाजाराचा मंडप बरोबर तिथंच उभा केला. मंडपावर फलक होता, 'चला, करून शिकूया'. अक्षर माझं. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून फलक नेहमी मलाच लिहायला लावतात. अधिकाऱ्यांनी कोथिंबिरीची एक जुडी घेतली, पवनचक्की फुंकून फिरवली, फोटो काढले आणि शाळा उपक्रमशील असल्याचा शेरा लिहून निघून गेले.

सरांची बदली संस्थेच्या खंडाळ्याकडच्या शाखेत झाली. निरोप समारंभ नाही, नारळ नाही. पाण्याची नळी खांद्याला अडकवून ते गाडीला किक मारत होते. मी जवळ गेले. माफी मागायची होती. पण आधी तेच म्हणाले, "बाई, फारम पुढच्या साली बी तुमीच भरणार न्हवं? भरायच्या आदी एकदा आत जाऊन या."

एवढंच. मला परत राग आला. जाता जाता माणूस काहीतरी बरं बोलतो की नाही?

पुढच्या वर्षी फॉर्म आला. मी कॉम्प्युटर चालू केला, मागच्या वर्षीचा फॉर्म उघडला आणि उठले. शाळेमागं गेले आणि त्या खोलीत शिरले. नोकरीत पहिल्यांदा. संडासाचं भांडं फुटलेलं, त्यात पाचट आणि दारूच्या बाटल्या. कोपऱ्यात कुत्रीनं पिल्लं घातलेली. दार लावून बघितलं, ते हातात आलं. वर उघडं आभाळ. समोर शाळेच्या नव्या इमारतीचा जिना, त्यावरून ह्या खोलीतलं सगळं दिसलं असतं. परत येऊन मी 'नाही' भरलं, आणि मुख्याध्यापक तासाला गेलेले असताना फॉर्म पाठवून दिला.

ते मला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. 'बदला' म्हणाले. पाठवलेला फॉर्म बदलता येत नाही, असं मी सांगितलं. ते खरं होतं की नाही मला माहीत नाही. मी बघितलंच नाही. महिन्याभरात वरून विचारणा आली, संस्थेची धावपळ झाली, आणि मागचा ऊस तुटायच्या आधी ठेकेदाराचे गवंडी येऊन काम सुरू झालं.

साक्षी तेव्हा दहावीत होती. ह्या वेळी बांधकामाकडं फिरकायला मुलांना बंदी होती. तरी एका मधल्या सुट्टीत ती गेली, आणि मी तिच्या मागोमाग गेले. भिंत कमरेइतकी आली होती. तिनं कंपासपेटी उघडली. कर्कटकाच्या खालून नट आणि दोरी काढली. पोत्यात सगळे ओळंबे गेले, हा गेला नव्हता. तिनं दोरी सोडली आणि एक डोळा मिटला, अगदी त्या माणसासारखा.

"मिस्त्री, पाडा. दहा मिलिमीटर बाहीर हाय."

गवंडी हसला. "जा पोरी, अभ्यास कर. गिलाव्यात झाकून जातंय." मग त्यानं माझ्याकडं बघितलं, बाई आता हिला दटावतील म्हणून. पलीकडून मुख्याध्यापकही येत होते.

"ऐकू आलं नाही का?" मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की व्हरांड्यातली पोरं थांबली. "पाडा म्हणाली ना ती? पाडा!"

पाडली. मी तिथून हलले नाही म्हणून पाडली.

संध्याकाळी मी सरांना फोन लावला. वर्षभरात पहिल्यांदा. सगळं सांगितलं, फॉर्मचं, कंपासपेटीचं, दहा मिलिमीटरचं. सहीबद्दलही बोलले, शेवटी एकदाचं. सरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन कोपरा? कोपरा बघितला का? नुसती भिंत उभी ऱ्हाऊन काय उपेग, बाई?"

आणि फोन ठेवला.

मला इतका संताप आला की मी मोबाइल पलंगावर फेकला. एक शब्द? 'बरं केलंत' एवढा एक शब्द ह्या माणसाला जड झाला? रात्रभर मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. सकाळी शाळेत जाताना वाण्याच्या दुकानातून सुतळी घेतली, मराठीच्या तासाला दहावीचा अख्खा वर्ग मागच्या बाजूला नेला, आणि साक्षीनं सुतळीला मोजून बारा गाठी मारल्या. तीन इकडं, चार तिकडं.

कोपराही चुकलेला होता.